पन्नास मेंढ्या आणि पंचवीस किलो लोकर

प्रश्न: माण तालुक्यात माझी चार एकर जमीन आहे. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं. नोकरी सोडून गावी आलोय, हाताशी पाच लाख आहेत. येत्या मे महिन्यात ५० माडग्याळ मेंढ्या आणि २ मेंढे आणून पूर्ण बंदिस्त मेंढीपालन सुरू करायचा विचार आहे. मटणाला भाव आहेच, शिवाय लोकरीचंही चांगलं उत्पन्न होतं असं एका व्हिडिओत पाहिलं. जात, चारा, लसी आणि लोकर याबद्दल नेमकं मार्गदर्शन हवं आहे.
— एक वाचक, ता. माण

उत्तर:

नमस्कार. आधी लोकरीचं बोलू, कारण तुमच्या हिशोबातला सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे. तुम्ही माडग्याळ म्हणता. जत भागातली ही जात मांसासाठीची. उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके असलेली. तिच्या अंगावर केस असतात, विकण्याजोगी लोकर नाही. लोकर हवी तर दख्खनी मेंढी घ्यावी लागेल. आणि दख्खनीची लोकरही जाड, केसाळ असते. ती घोंगडीच्या, जेनच्या (लोकरीच्या जाड अंथरुणाच्या) आणि फार तर गालिच्याच्या कामाची, स्वेटरच्या नाही.

आता गणित. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि एका वेळी २५० ते ३०० ग्रॅम लोकर निघते. म्हणजे डोईमागे वर्षाला अर्धा किलो, ५० मेंढ्यांची २५ किलो. कातरणाऱ्याने डोईमागे २० रुपये घेतले तर दोन कातरण्यांचे २,००० रुपये झाले. लोकरीला किलोमागे ८० रुपये मिळाले तर फक्त कातरणीचा खर्च फिटतो. व्यापाऱ्याला विचारून बघा, सरमिसळ लोकरीला तो याच्या जवळपासही भाव सांगणार नाही. किलोला २५ रुपये धरले तर वर्षाची लोकर झाली ६२५ रुपयांची.

दुसरीकडे १६ किलोचं एक कोकरू जिवंत वजनावर ४०० रुपये किलोने गेलं तर ६,४०० रुपये येतात. म्हणजे मरणारं एक कोकरू वाचवलंत की पन्नास मेंढ्यांची दहा वर्षांची लोकर विकल्याइतके पैसे हातात येतात. यातले भाव धरलेले आहेत. तुमच्या बाजाराचे आकडे घालून पुन्हा मांडा, निष्कर्ष फारसा हलणार नाही. या धंद्यात पैसा कोकरात आहे, त्याखालोखाल लेंडीखतात. लोकर कातरायची ती मेंढीच्या तब्येतीसाठी. उन्हाळ्यात तिला गरम होतं, पावसाळ्यात लव भिजून अंगाला चिकटते आणि आत गोचिड, उवा माजतात.

बंदिस्त की अर्धबंदिस्त

पूर्ण बंदिस्तात ३० किलोच्या मेंढीला रोज साधारण सव्वा किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. म्हणजे ३ किलो हिरवा चारा, अर्धा किलो वाळला चारा आणि २०० ग्रॅम खुराक. पन्नास मेंढ्यांचा वर्षाचा हिशोब असा होतो: खुराक ३,६५० किलो, ३० रुपयांनी १,०९,५०० रुपये. वाळला चारा ९ टनांच्या वर, ८ रुपयांनी ७३,००० रुपये. हिरवा चारा सुमारे ५५ टन. तो घरचा असला तरी पाणी, खत, मजुरी धरून किलोला एक रुपया पडतो, म्हणजे ५५,०००. कोकरांचा खुराक १७,००० आणि औषधपाणी, लसी १५,०००. बेरीज २,६९,५०० रुपये, आणि यात तुमची मजुरी धरलेली नाही.

आता जमेची बाजू. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. नीट सांभाळली तर वर्षाला सरासरी १.२ वेतं धरा, म्हणजे ६० कोकरं. दहा टक्के मर धरली की राहिली ५४. म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी १० माद्या ठेवल्या की विकायला ४४, त्यांचे २,८१,६०० रुपये. वर्षभर राबून बारा हजार शिल्लक राहतात. एकच कोकरू देणारी मेंढी वर्षभर गोठ्यात उभी करून, विकतच्या खुराकावर पोसून परवडत नाही. व्हिडिओत हे सांगत नाहीत, कारण तिथे विकायला कोकरं नसतात, जातिवंत मेंढ्या असतात.

अर्धबंदिस्तात चित्र बदलतं. रोज पाच-सहा तास चराई मिळाली तर हिरवा-वाळला चारा निम्म्यावर येतो आणि खुराक तीनच वेळा द्यावा लागतो: मेंढा लावण्याआधी २० दिवस, गाभणकाळाचे शेवटचे ४५ दिवस आणि व्याल्यावर पहिले ६० दिवस. या १२५ दिवसांत रोज २५० ग्रॅम दिले की एका वेताला ३१ किलो होतात. पन्नास मेंढ्यांचे, १.२ वेतांनी, सुमारे १,८७५ किलो, म्हणजे ५६,००० रुपये. एकूण खर्च दीड लाखाच्या आसपास येतो आणि सव्वा लाखाच्या वर शिल्लक राहते. म्हणून मेंढ्या घेण्याआधी चराईची जागा ठरवा: गायरान, माळ, पडीक, शेजाऱ्यांची रानं. पीक निघाल्यावर रानात मेंढ्या बसवायची पद्धत तुमच्या भागात आजही आहे. वाघर (जाळीचं कुंपण) लावून रात्री कळप बसवलात तर चारा मिळतो आणि शेतकरी वर धान्य किंवा पैसे देतो. वाटेत वनखात्याची जमीन असेल तर चराईबंदी आहे का ते विचारून घ्या, दंड आणि भांडणं टळतील.

लेंडीचाही हिशोब ठेवा. एका मेंढीची रोज ४०० ग्रॅमच्या आसपास वाळली लेंडी पडते. निम्मा वेळ वाड्यात असली तरी पन्नास मेंढ्यांमागे वर्षाला साडेतीन-चार टन खत सहज जमतं. डाळिंबवाले ते जागेवरून उचलतात. पावसाआधी ताडपत्री टाकून झाका. उघड्यावर भिजलं की त्यातलं नत्र वाहून जातं आणि गिऱ्हाईक भाव पाडतं.

कोणत्या मेंढ्या, केव्हा आणि किती

मे महिन्यात घेऊ नका. चारा संपलेला, पाणी आटलेलं, आणि नवीन कळप जागेला रुळतो न रुळतो तोच पहिला पाऊस. आजाराला याहून सोयीची वेळ नाही. जूनमध्ये चारा लावा, सप्टेंबरात मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) भरा आणि दिवाळीच्या सुमाराला मेंढ्या आणा. पहिल्या वर्षी २० ते २५ मेंढ्या आणि एक मेंढा, बस्स. पाच लाखांतले दोन लाख चारा, वाडा आणि अडीनडीला हातात राहू द्या.

जात दख्खनीच घ्या. लोणंद बाजूची मेंढी तुमच्या हवेला सरावलेली आहे. शक्यतो एकाच कळपातून घ्या. बाजारात पाच ठिकाणच्या मेंढ्या एकत्र केल्या की पाच ठिकाणचे आजार घरी येतात. दोन दाती किंवा चार दाती मेंढी बघा, म्हणजे दीड ते दोन वर्षांची. कास हाताने दाबून पाहा. एका बाजूला घट्ट गाठ लागली तर तो सड गेलेला आहे, कितीही देखणी असली तरी सोडून द्या. पायाचं खूर वर करून वास घ्या, कुजका वास आला तर खुरांचा रोग आहे. शेपटीखाली हगवणीने चिकटलेली लव, खालच्या पापणीची फिकट आतली बाजू, जबड्याखाली पाणी भरलेली सूज, यातलं काहीही दिसलं तर जंत आहेत. घरी आणल्यावर २१ दिवस वेगळ्या जागी ठेवा.

माडग्याळ मेंढा दख्खनी मेंढीवर लावता येतो. कोकरं मोठी होतात, वजन भरतं. पण पहिलटकरणीवर नको. कोकराचं डोकं अडकतं आणि माय-लेकरू दोन्ही जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या, अंगाने भरलेल्या मेंढ्यांवरच लावा.

जुळी हवीत तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढीचा विचार करा. सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक तिच्यात आणलेला आहे. लोक इथे हमखास एक गोष्ट विसरतात: असा मेंढा लावल्यावर तुमच्या मेंढ्यांना लगेच जुळी होत नाहीत. किती कोकरं होणार हे आईच्या अंडाशयावर ठरतं, म्हणून परिणाम त्या मेंढ्याच्या लेकी वितील तेव्हा दिसतो, म्हणजे दोन वर्षांनी. मेंढा घेताना त्याच्यात जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत ना ते विचारा, तरच प्रत्येक लेकीत एक उतरते. आणि जुळं देणाऱ्या मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवून द्यावा लागतो. नाहीतर ती गळून जाते, चारा सोडते, दात खाते आणि विण्याआधीच मरते. चारा कमी असलेल्या घरी जुळी म्हणजे संकट.

चारा

फेब्रुवारीनंतर पाणी नाही, म्हणजे मार्च ते जून असे चार महिने हिरवं नाही. तेवढ्यासाठी एक एकर मका मुरघासाला ठेवा. कणसातला दाणा अर्धा दुधाळ, अर्धा पिठाळ झाला की कापा, दोन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि थरावर थर तुडवत पिशव्या भरा. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पण पाणी गळलं नाही, तर ओल बरोबर आहे. पाणी ठिबकलं तर अर्धा दिवस सुकवा. ४५ दिवसांनी पिशवी उघडा. मेंढीला रोज एक ते दीड किलो पुरे, तेही आठवडाभर थोडं थोडं वाढवत. बुरशी आलेला मुरघास गाईला घालणंही वाईटच, मेंढीला तर अजिबात नको. त्यातून येणाऱ्या जिवाणूने मेंदूला सूज येते, मेंढी एका बाजूला मान टाकून गोल गोल फिरते आणि बहुधा वाचत नाही.

बांधावर शेवरी आणि सुबाभूळ, अर्ध्या एकरात संकरित नेपियर आणि कडेला दशरथ घास लावा. सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाने लव गळते. ज्वारीचं कोवळं पीक, विशेषतः पाण्याच्या ताणात खुरटलेलं किंवा कापणीनंतर फुटलेलं, विषारी असतं. फुलोऱ्याआधी त्यात मेंढ्या घालू नका. वाळल्या चाऱ्यात नुसता कडबा नको. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला सुगीतच स्वस्तात भरून ठेवा.

खुराक घरी करायचा तर मका भरडा ५० किलो, भुईमूग किंवा सरकी पेंड २५, गव्हाचा कोंडा किंवा तूरचुणी २२, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढीचं यकृत ते साठवत राहतं. मग एके दिवशी, काही महिन्यांनीही, डोळे पिवळे होतात, मूत कॉफीसारखं होतं आणि दोन दिवसांत मेंढी जाते. दुकानदार "सगळ्यांना एकच चालतं" म्हणेल, ऐकू नका. कोणताही खुराक सुरू करताना ५० ग्रॅमपासून दर तिसऱ्या दिवशी ५० ग्रॅमने वाढवा.

कोकराचे पहिले चोवीस तास

सगळा नफा इथे आहे म्हणून थोडं सविस्तर. मेंढा २५ मेंढ्यांमागे एक. गाभणकाळ १४७ ते १५० दिवसांचा. जून-जुलैत मेंढा लावला की नोव्हेंबर-डिसेंबरात कोकरं होतात. तेव्हा रानात चारा असतो, आणि आषाढापर्यंत नर सहा-सात महिन्यांचे होतात. आखाडात मटणाची मागणी चढते, श्रावण लागला की पडते. विक्री त्याआधीच उरका.

कोकरू पडल्याबरोबर नाकातोंडातला चिकटा पुसा आणि त्याला आईपुढे ठेवा, चाटू द्या. नाळ दोन बोटं ठेवून कापा आणि टिंक्चर आयोडिनच्या छोट्या बाटलीत बुडवा. नुसतं बोटाने लावू नका. दोन्ही सडांतून पहिली धार काढून टाका. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते, ती निघाली नाही तर कोकरू चोखतं पण पोटात काही जात नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं पितंय. तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या खेपेला १२५ मिली आणि चोवीस तासांत चार वेळा मिळून अर्धा लिटर. आईला दूध नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक चालतो. जास्तीचा चीक डीप फ्रीजमध्ये लहान पेल्यांत गोठवा. द्यायच्या वेळी पेला कोमट पाण्यात ठेवून वितळवा. थेट चुलीवर ठेवला तर तो फाटतो आणि त्यातली रोगप्रतिकारक शक्ती जाते. कोकराच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर आधी अंग गरम करा, मग पाजा. थंडगार कोकराला पाजलेलं दूध पचत नाही.

पंधराव्या दिवसापासून कोकरांना वेगळ्या कप्प्यात, आई शिरणार नाही अशा खिडकीतून, थोडा भरडा आणि कोवळा पाला ठेवा. तीन महिन्यांनी आईपासून तोडा.

विकताना व्यापारी नजरेने, उकत्यावर भाव सांगतो. लटकता डिजिटल काटा विकत घ्या आणि वजनावरच बोला. कापल्यावर जिवंत वजनाच्या ४५ ते ४८ टक्के मटण पडतं, त्यावरून सौद्यात किती जागा आहे ते तुम्हालाही कळेल.

आजार

लसींचं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. आंत्रविषार, घटसर्प आणि नीलजिव्हा या लसी पावसाळ्याआधी, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस चार महिन्यांच्या वरच्या कोकरांना व पुढे तीन वर्षांनी, देवीची लस हिवाळ्यात, लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांनी. दोन लसींत पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा.

यातला आंत्रविषार नवख्यांना रडवतो. संध्याकाळी उड्या मारणारं, कळपातलं सगळ्यात भरलेलं कोकरू सकाळी पाय ताणून मेलेलं असतं. आतड्यात नेहमी असणारा जिवाणू कोवळ्या गवताने किंवा एकदम वाढलेल्या खुराकाने फोफावतो आणि त्याचं विष रक्तात जातं. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून लस आणि १४ ते २१ दिवसांनी तिचा दुसरा डोस चुकवायचा नाही. गाभण मेंढीला विण्याआधी महिनाभर बूस्टर दिला तर चिकातून कोकराला संरक्षण मिळतं. पहिल्या पावसानंतर रानात सोडण्याआधी सकाळी थोडा कडबा खाऊ घाला, आणि दव उठल्याशिवाय सोडू नका. दवात गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्लं चढलेली असतात.

जंताचं औषध पावसाआधी आणि पावसाळा संपल्यावर, मधे गरज दिसली तर. मेंढी वजन करूनच पाजा. २.५ टक्क्यांचं अल्बेंडाझोल ३० किलोच्या मेंढीला ९ मिली बसतं. अंदाजाने ५ मिली पाजत राहिलं की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. गाभणकाळाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको, कोकरात व्यंग येतं. जीभ दाबून घाईत ओतलं तर औषध फुफ्फुसात जातं. मान सरळ ठेवा, गालाच्या कडेने हळू सोडा. लंगडणाऱ्यांसाठी वाड्याच्या दारात दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्याचा उथळ हौद करा. मोरचूद टाळा, त्यात तांबं असतं आणि तांब्याचं वर सांगितलंच.

वाडा

मेंढीमागे छपराखाली १० ते १२ चौरस फूट, बाहेर मोकळी जागा त्याच्या दुप्पट. लांबी पूर्व-पश्चिम, मुरमाची जमीन, उतार बाहेर. सिमेंट करू नका, ओल राहते. तारेची जाळी सहा फूट आणि तळाशी दगड, कारण माणमध्ये लांडगे आहेत. बाकी पैसा शेडवर घालू नका. शेडमध्ये अडकलेले लाख कोकरू देत नाहीत.

तरीही लोकर

लोकरीला थोडे चांगले पैसे हवेत तर एकच वाट आहे: काळी लव वेगळी काढून थेट घोंगडी विणणाऱ्या सणगराकडे न्या. घोंगडी विणणारे अजून टिकून आहेत, पण त्यांना एकरंगी, स्वच्छ लोकर मिळत नाही. कातरणीच्या आदल्या रात्री मेंढ्या उपाशी ठेवा. पोट भरलेली मेंढी उलटी धरली की गुदमरते. अंग कोरडं असताना, ताडपत्रीवर, काळी, करडी, पांढरी वेगळी करून कातरा. पोटाची आणि पायाची लव वेगळी ठेवा. एकाच जागी दुसऱ्यांदा कातर फिरवू नका, त्याने निघालेले आखूड तुकडे सुतात टिकत नाहीत. ओळखीसाठी डांबर किंवा ऑइल पेंट लावू नका, ते धुतलं तरी निघत नाही. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे मिसळू देऊ नका, सुती कापडात बांधा. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ. ती वेगळीच ठेवा आणि भावही वेगळाच बोला. उरलेली, मळलेली लोकर फेकू नका. डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, वर माती टाका. ती हळू कुजते आणि नत्र देते.

माडग्याळ मेंढा लावायचं ठरलं तर लोकरीचा विषय तिथेच संपतो, मिश्र कोकरांची लव घोंगडीलाही धड लागत नाही.

अनुदान

धनगर व तत्सम भटक्या जमाती (भज-क) प्रवर्गात असाल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा यासाठी ७५ टक्के अनुदान आहे. अर्ज पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत होतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, पण तिथे सुरुवातच १०० माद्या आणि ५ नर यांच्यापासून होते. तुमच्या पाण्यावर शंभर मेंढ्या बसत नाहीत, अनुदानासाठी कळप वाढवू नका. विमा मात्र पहिल्याच आठवड्यात उतरवा. कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवून नवीन लावून घ्या, बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नाही.

आता मक्याचं बियाणं आणि मुरघासाच्या पिशव्यांची चौकशी सुरू करा. सप्टेंबरात पिशव्यांची टंचाई होते आणि भाव चढतात.